शेणातनं जनावराचं किती पाणी जातं? खिलार, एचएफ, जर्सी आणि म्हैस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथणी, रायबाग, चिक्कोडी, निपाणी ह्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या पट्ट्यात एप्रिल लागला की गोठेवाल्यांचा विषय एकच, पाणी. कुणाची बोर आटली, कुणी टँकर मागवला, कुणाच्या विहिरीत अजून दोन परस पाणी आहे. जनावर किती बादल्या पितं ते सगळे मोजतात पण पिलेलं पाणी जातं कुठं ते कोण बघत नाही. दुधातनं गेलेलं दिसतं कारण डेअरीत मापं पडतात. शेणातनं गेलेलं मात्र पाटीत भरून उकिरड्यावर जातं आणि विषय संपतो. निपाणीजवळच्या गावात आमचा गोठा आहे, दोन एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन ह्या युरोपातल्या दुधाळ जातीचा संकर), एक म्हैस, आणि वडिलांच्या हट्टापायी ठेवलेली खिलार बैलजोडी, त्यामुळं तिन्ही प्रकारचं शेण रोज हातातनं जातं. लोक जे सारखं सारखं विचारतात ते इथं एकदाच लिहून ठेवतोय.

शेणात खरंच एवढं पाणी असतं काय?

असतं की. ताज्या शेणात पाऊण हिश्श्याच्या वरच पाणी असतं. म्हणजे १० किलोची पाटी उचलली तर त्यातलं ८ किलोच्या आसपास निव्वळ पाणीच, उरलेल्या २ किलोत न पचलेले चाऱ्याचे धागे, पोटातले जिवाणू, क्षार, थोडी माती. बाई डोक्यावर पाटी घेऊन उकिरड्याकडं जाते तेव्हा ती खरं म्हणजे पाणीच वाहत असते.

मग कुठल्या जनावराच्या शेणात किती टक्के, ते सरळ सांगा.

सरळ सांगतो पण आकडे ढोबळ आहेत, चाऱ्यावर लई हलतात हे डोक्यात ठेवा.

दुभती एचएफ किंवा एचएफ क्रॉस, हिरवा चारा आणि पेंड खाणारी, ८३ ते ८८ टक्के. म्हैस साधारण ८० ते ८४. खिलारसारखं देशी जनावर कडब्यावर असेल तर ७५ ते ८०. हे सगळं पोटभर पाणी मिळत असतानाचं. पाणी तुटलं की देशी जनावर अजून खाली येतं. आफ्रिकेतल्या कोरड्या भागात वशिंडाची गुरं पाळतात, तिथं तहानलेल्या जनावराचं शेण ६० टक्क्यांच्या आसपास उतरतं. युरोपातल्या जातीच्या गाईला तेवढं खाली येणं जमत नाही, तिचं शेण तहानेतही ओलंच राहतं.

८० आणि ८५ टक्के, म्हणजे पाचचाच फरक झाला. त्यात काय एवढं?

हाच प्रश्न सगळे विचारतात आणि इथंच सगळे फसतात, मीपण फसलो होतो.

टक्क्यात बघू नका. जनावर शेण टाकतं ते न पचलेला चारा बाहेर काढायला, पाणी बाहेर काढायला नव्हे. म्हणून विचारायचं असं की १ किलो कोरडा गाळ बाहेर टाकायला किती लिटर पाणी सोबत गेलं? ८० टक्के पाण्याचं शेण म्हणजे १ किलो कोरड्याबरोबर ४ लिटर. ८५ टक्क्याला तेच ५.६७ लिटर होतं. ९० टक्क्याला तर ९ लिटर! आणि खाली या, ७५ टक्क्याला ३ लिटर, ६० टक्क्याला फक्त दीड.

म्हणजे ८० वरनं ८५ वर गेलं की पाणी पाच टक्के नाही, चाळीस टक्क्यांच्या वर वाढतं. डोळ्याला दोन्ही पो (एका वेळी पडलेलं शेण) जवळजवळ सारखेच दिसतात, एक जरा जास्त पसरलेला असतो एवढंच. म्हणून नुसत्या नजरेनं आमच्या गाईचं शेण घट्ट आहे, पाणी वाया जात नाही असं ठरवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, वजनकाटा पुढं करतो.

टक्के राहू देत, दिवसाला लिटरमध्ये सांगा.

धरून चालू, म्हणजे हिशोबासाठी आकडे घेऊ, तुमच्या गोठ्यात थोडे वेगळे येतील.

एचएफ क्रॉस गाय, १५ लिटर दूध, दिवसाला १५ किलो कोरडा चारा खाते (ओल्या चाऱ्यातलं पाणी वजा करून जे उरतं ते). त्यातलं ६० टक्के पचलं, ६ किलो बाहेर. ८५ टक्के पाण्यानं शेण होतं ४० किलो, त्यात ३४ लिटर पाणी.

म्हैस, १२ किलो कोरडा चारा, ५ किलो बाहेर, ८२ टक्के. शेण साधारण २८ किलो, पाणी २३ लिटर.

खिलार बैल, ८ किलो, बहुतेक कडबाच, त्यामुळं निम्माच पचतो, ४ किलो बाहेर. ७५ टक्के. शेण १६ किलो, पाणी १२ लिटर.

बघा, ३४, २३, १२. दुभत्या गाईच्या शेणातनं रोज दोन घागरींच्या वर पाणी जातं, दुधातनं जातं त्याच्या अडीचपट. १५ लिटर दुधात पाणी असतं १३ लिटरच.

म्हणजे जातीचाच गुण म्हणायचा का हा? खिलार काटक, एचएफ उधळी?

थांबा, एवढ्यात निकाल लावू नका. गावात हे वाक्य लई चालतं आणि ते निम्मंच खरं आहे.

वरच्या हिशोबात तीन गोष्टी एकत्र मिसळल्यात. एक, जनावर खातं किती. दोन, खाल्लेल्यातलं पचतं किती. तीन, जे उरलं त्याच्यातलं पाणी आतडं किती ओढून घेतं. जातीचा खरा गुण तिसऱ्यात दिसतो. पहिल्या दोनात चारा, दूध आणि मालकाचा खिसा दिसतो.

आता एचएफ गाईला खिलारच्या दावणीला बांधू. भाकड गाय, दूध नाही, तोच ८ किलो कडबा, तोच निम्मा पचला, ४ किलो बाहेर. पाणी मात्र खिलारपेक्षा थोडं जास्त धरू, ८० टक्के. तर शेणातनं जाणारं पाणी होतं १६ लिटर. खिलारचं होतं १२. म्हणजे आधी जो २२ लिटरचा फरक दिसत होता त्यातला १८ लिटर चाऱ्याचा आणि दुधाचा निघाला, जातीच्या वाट्याला आले ४ लिटर. ४ लिटर पण कमी नाहीत, वर्षाचा हिशोब केला तर दीड हजार लिटरच्या जवळ जातं, पण अख्ख्या २२ चं श्रेय खिलारला देणं म्हणजे दुसऱ्याच्या उसावर आपला गूळ.

हे ४ लिटर येतात कुठनं? वशिंडाच्या जनावराचं शरीरच मुळात कमी आचेवर चालतं, खाणं कमी, आतली उष्णता कमी, पाण्याची उलाढाल कमी. त्यात कडब्यासारखा जाड चारा पोटात जास्त वेळ थांबतो, मोठ्या आतड्याला पाणी शोषायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या विंचेस्टर आणि मॉरिस यांनी १९५६ साली पाणी पिण्याचा हिशोब मांडला होता, त्यातही हेच दिसतं की उन्हाळ्यासारख्या तापमानात दर किलो कोरड्या चाऱ्यामागं वशिंडाचं जनावर युरोपच्या जनावरापेक्षा कमी पाणी पितं. तापमान वाढत जाईल तसा फरकही वाढतो.

कृष्णा खोरे, गीर, देवणी, हे कुठं बसतात?

सगळी वशिंडाचीच, म्हणून खिलारच्या बाजूला. कृष्णा खोरे ही तर आपल्या नदीकाठचीच जात, काळ्या चिकट रानात नांगर ओढायला पटवर्धन संस्थानिकांच्या काळात गीर, ओंगोल, कांकरेज अशा रक्तातनं तयार झालेली, अंगानं खिलारपेक्षा जड. आता फार कमी उरलीत. जड जनावर जास्त खाणार, जास्त शेण टाकणार, तेवढाच फरक. गीर दुधाला चांगली असेल तर खाणंही वाढतं आणि शेणातलं पाणीही.

जर्सी आणि एचएफ एकच धरायचं का?

टक्के जवळजवळ सारखे. पण जर्सी अंगानं लहान, खाते कमी, म्हणून दिवसाचे लिटर कमी. बाकी काही वेगळं नाही.

म्हैस तर पाण्यातच बसते, तिचं काय?

म्हशीचं गणित जरा उलटं आहे. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, वरनं रंग काळा, त्यामुळं ऊन तापलं की तिला घामानं अंग थंड करता येत नाही, ती डबकं शोधते. म्हणजे अंगावरचं पाणी ती बाहेरनं घेते. शेणाच्या बाबतीत ती देशी गाय आणि एचएफच्या मध्ये. जाड वैरण पचवायला म्हैस हुशार आहे, कडबा, भाताचं पिंजर, उसाचं वाढं सगळं ती गाईपेक्षा बरं पचवते असं आपल्याकडचे जुने लोक सांगतात, आणि जे पचलं ते शेणात येत नाही, तेवढंच सोबतचं पाणीही वाचलं.

पण आमच्याकडं धुण्याचं पाणी धरलं तर म्हैस सगळ्यांत महाग पडते. नदीकाठाला ठीक, दूधगंगेवर किंवा वेदगंगेवर सोडून दिली की झालं. अथणीच्या उत्तरेला, जतच्या बाजूला जिथं डबकंच नाही, तिथं म्हशीवर दिवसातनं दोनदा बादल्या ओताव्या लागतात, ते पाणी शेणातनं जाणाऱ्या पाण्याएवढं सहज होतं.

शेण, लघवी, घाम, दूध, सगळ्यांत जास्त पाणी कुठनं जातं?

दुभत्या गाईत बहुतेक वेळा शेणातनंच. लोकांना लघवी वाटते कारण ती वाहताना दिसते. वरच्या १५ लिटरवाल्या गाईत शेण ३४, दूध १३, लघवी १२ ते १५, आणि बाकीचं घाम आणि श्वासावाटे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हा शेवटचा हिस्सा झपाट्यानं वाढतो, गाय तोंड उघडून धापा टाकायला लागली की समजायचं पाणी तिथनं चाललंय. म्हणून शेडवर वाढं किंवा शेडनेट टाकून सावली गार केली तर जे पाणी वाचतं ते शेण घट्ट करायच्या उद्योगापेक्षा स्वस्तात वाचतं.

पाणी कमी पाजलं की शेण घट्ट होतं, मग उन्हाळ्यात तसंच करू का?

करू नका. शेण घट्ट होईल हे खरं, शरीर तहान ओळखतं आणि आतडं आणि मूत्रपिंड दोन्ही पाणी धरून ठेवतात. पण त्याच्या आधी गाय चारा खायचं कमी करते. पाणी नाही तर रवंथ नीट होत नाही, गव्हाणीत वैरण तशीच पडते, आणि दूध दोन दिवसांत खाली येतं. शेण कमी पडतंय ते पाणी वाचलं म्हणून नाही, पोटात काही गेलंच नाही म्हणून.

केनिया आणि दक्षिण इथियोपियातले गुराखी कोरड्या महिन्यांत गुरांना दोन दिवसाआड, तीन दिवसाआड पाणी पाजतात, हे खरं आहे. ती वशिंडाची गुरं आहेत, दूध एखाद-दुसरा लिटर, आणि विहिरीपर्यंत लांब चालत जायचं असतं म्हणून ती पद्धत. पोटाचा मोठा कप्पा म्हणजे त्यांची टाकीच, त्यात कित्येक घागरी पाणी मावतं. आपल्या गोठ्यातली १५ लिटरची गाय त्या हिशोबात बसवायला गेलात तर डेअरीची स्लिप बघून तुम्हीच घाबराल.

शेळीच्या लेंड्या कोरड्या खणखणीत, गाईला का जमत नाही?

शेळी-मेंढीचं मोठं आतडं लांब आणि वेटोळ्याचं, त्यातनं माल हळूहळू पुढं सरकतो आणि वाटेत पाणी शोषलं जातं, शेवटी गोळ्या होतात. गाईचंही आतडं वेटोळ्याचंच पण तिच्या पोटातनं माल जास्त लोंढ्यानं जातो, शोषायला तेवढा वेळ नाही. उंट तर शेळीच्याही पुढं. आपल्या भागातले धनगर मेंढ्या घेऊन पाण्याच्या शोधात दिवस दिवस फिरतात ते उगीच जमत नाही, मेंढी शेणातनं पाणी सोडतच नाही फारसं.

ओला चारा दिला की शेण पातळ होतं. म्हणजे पाणी वाया गेलं ना?

नाही, उलट नीट ऐका. हत्ती गवतात किंवा कोवळ्या मक्यात मुळात ७५ ते ८५ टक्के पाणी असतं. ते पाणी गाईनं चाऱ्यातनं घेतलं, तेवढं ती हौदातनं कमी पिते. शेणातनं जास्त गेलं तरी ते तुमच्या टाकीतलं नव्हतं, शेतातल्या गवतातलं होतं. आता ते गवत कुणाच्या पाटपाण्यावर वाढलं तो हिशोब वेगळा.

खानापूरकडं जून-जुलैत पहिलं कोवळं गवत आलं की सगळ्यांच्या गुरांचं शेण पातळ होतं, लोक घाबरून डॉक्टरला फोन करतात. त्या गवतात पाणी जास्त, पोटॅशियम जास्त, धागा कमी, म्हणून शेण सुटतं. आठवडाभर सोबत थोडा कडबा किंवा पिंजर टाकला की बसतं.

उसाच्या वाढ्याचं मात्र जपून. आपल्या पट्ट्यात गाळप हंगामात वाढं फुकट मिळतं म्हणून लोक त्याच्यावरच गुरं ठेवतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम अडकवतं, आणि पोषण पण कमी, म्हणजे खाल्लेल्यातलं बरंच न पचता शेणात. शेणाचा ढीग मोठा, दूध कमी, आणि त्या ढिगासोबत पाणीही गेलं. वाढं द्या पण सोबत मिनरल मिक्स्चर आणि जरा हिरवी वैरण हवी.

मग शेणातलं पाणी कमी करायचा काही सरळ उपाय आहे की नाही?

एकच चांगला आहे, चारा पचणारा द्या. परत आकड्यानं सांगतो. १५ किलो कोरडा चारा ६० टक्के पचला तर ६ किलो बाहेर. त्याच गाईला वेळेवर कापलेल्या मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) दिला आणि ६५ टक्के पचला तर सव्वापाच किलोच बाहेर. शेणाचे टक्के तेच ८५ धरले तरी पाणी ३४ वरनं साधारण ३० लिटरवर आलं. चार लिटर वाचले, गाय बदलली नाही, पाणी तोडलं नाही. वर दूध वाढलं तर वाढलं.

मक्याचं कणीस दुधाळ-चिकाळ असताना कापायचं, वाळून कडक झालेला मका कापून मुरघास केला तर तो कडब्याचा भाऊच.

मीठ हा दुसरा मुद्दा. काहीजण गाय जास्त पाणी पिली की दूध वाढेल म्हणून मूठमूठ मीठ टाकतात. ती जास्त पिते हे खरं, पण ते पाणी लघवी आणि शेणातनं निघून जातं. दुधाला जेवढं पाणी लागतं तेवढंच लागतं.

घरच्या घरी मोजायचं कसं?

दोन मापं लागतात, दिवसाचं शेण किती आणि त्यात पाणी किती.

पहिल्यासाठी २४ तास गाईच्या मागं बसा, दुसरा मार्ग नाही. मी ताडपत्री आणि पाटी घेऊन रात्रभर बसलो होतो, आई म्हणाली ह्याला येड लागलंय. लघवी मिसळू द्यायची नाही, मिसळलं तर आकडा वाया. प्रत्येक पोचं वजन लगेच करायचं, तासभर उन्हात राहिलं तरी वरचं पाणी उडतं.

दुसऱ्यासाठी दिवसातल्या चार-पाच वेळच्या पोतनं, मधनं, जमिनीला न लागलेलं थोडं थोडं घ्या, एकत्र मळा, त्यातलं ५०० ग्रॅम पत्र्यावर पातळ थापा. तीन-चार कडक उन्हं द्या, वजन हलायचं बंद झालं की झालं. प्रयोगशाळेत १०५ अंशावर २४ तास ओव्हनमध्ये ठेवतात, तिथं सगळं पाणी जातं, आपल्या उन्हात १० टक्के तरी राहतं. म्हणून ५०० ग्रॅमचं ९० ग्रॅम उरलं तर त्यातलं ९ अजून पाणीच धरा, कोरडं ८१. म्हणजे ४१९ ग्रॅम पाणी, जवळजवळ ८४ टक्के.

एक दिवसाच्या मापावर जाऊ नका, निदान तीन दिवस घ्या. आणि दोन जनावरांची तुलना करायची असेल तर दोघांना एकच वैरण निदान दहा दिवस आधीपासनं, नाहीतर तुम्ही जात मोजत नाही, चारा मोजताय.

आमची आजी म्हणते जर्सीच्या शेणाची शेणी होत नाही. खरं काय?

आजीचं बरोबर आहे, तिनं हे सगळं गणित हातानंच केलंय. १० किलो खिलारचं शेण, ७८ टक्के पाण्याचं, त्यात कोरडं २ किलो २०० ग्रॅम, वाळून शेणी साधारण अडीच किलो. १० किलो एचएफचं, ८६ टक्क्याचं, कोरडं १ किलो ४००, शेणी दीड किलोच्या आसपास. तेवढीच पाटी, तेवढीच थापणी, जळण मात्र जेमतेम दोन तृतीयांश. शिवाय पातळ शेण भिंतीवर धरत नाही, घसरतं. म्हणून बायका त्यात भुसा किंवा उसाचं पाचट कालवतात. पेंडीवरच्या गाईच्या शेणात लांब धागाही कमी असतो, त्यामुळं शेणी वाळली की फुटते.

गोबर गॅसला फरक पडतो काय?

पडतो, आणि इथं बहुतेकजण चुकतात. सगळ्यांना शिकवलेलं असतं, एक पाटी शेण, एक पाटी पाणी. ते देशी गुरांच्या शेणावरनं ठरलेलं माप आहे. २० टक्के कोरडं असलेलं शेण समसमान पाण्यात कालवलं की राड्यात १० टक्के कोरडं राहतं, टाकीला ते चालतं. एचएफच्या शेणात कोरडं १४ टक्केच. त्यात एकाला एक पाणी टाकलं की ७ टक्के, नुसतं गढूळ पाणी, गॅस कमी आणि टाकीतनं माल लवकर बाहेर. त्याला दोन पाट्या शेणाला एक पाटी पाणी पुरे, ९ टक्क्याच्या वर राहतं. उन्हाळ्यात पाणीही वाचतं आणि गॅसही बरा येतो. आमच्याकडं हा बदल केल्यापासनं सकाळचा चहा आणि भाकरी दोन्ही निघतात, आधी भाकरीच्या मधीच शेगडी बसायची.

पातळ शेण म्हणजे आजार हे कधी समजायचं?

चांगला पो खाली पडताना थप थप आवाज करतो, तीन-चार सेंटिमीटर उंच राहतो, मधी खळगा, कडेला वेटोळी. पसरून पाणी झालं, फेस आला, आंबट वास आला, त्यात मक्याचे दाणे तसेच दिसले की काहीतरी बिघडलंय.

आपल्याकडं जत्रेचा आणि लग्नाचा सीझन हा गुरांच्या पोटाचा शत्रू. उरलेला भात, बुंदी, पोळ्या पाट्या भरून गाईला, पुण्य लागतं म्हणून. पोटात आंबट होतं, शेण पिवळं पातळ, गाय बसून राहते, कधी कधी उठतच नाही. असं दिसलं तर घरगुती काढे करत बसू नका, डॉक्टरला बोलवा.

वासराची हगवण तर तासांवर असते. लहान वासराच्या अंगात ७० टक्क्यांवर पाणीच, हगवणीत ते भराभर जातं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच परत बसली नाही आणि डोळे आत गेले तर पाणी कमी पडलंय. दूध बंद करू नका, दोन दुधांच्या मधी ओआरएसचं पाणी पाजा आणि डॉक्टरला कळवा. इथं शेणातल्या पाण्याचा हिशोब करायचा नसतो, आधी भरून काढायचं.

देशी गाय ठेवली तर टँकर वाचेल काय?

गोठ्यातली डोकी मोजली तर वाचेल, दूध मोजलं तर नाही. बघा, देशी गाय ७ किलो कोरडा चारा खाते, ५५ टक्के पचला, ३ किलोच्या वर बाहेर, ७८ टक्के पाण्यानं शेणातनं ११ लिटर. एचएफचं ३४, म्हणजे तिपटीच्या वर. पण देशीनं ४ लिटर दूध दिलं तर लिटरमागं पावणेतीन लिटर पाणी शेणातनं गेलं. एचएफचं १५ लिटरला ३४, लिटरमागं सव्वादोन. आता कोण उधळी?

म्हणून ज्याला पाणी मोजकं आणि डेअरीला दूध घालायचं आहे त्यानं चार देशी गाईंच्या जागी एक चांगली क्रॉस ठेवली तर शेणातलं पाणी कमी जातं. पण ज्याचा उन्हाळा खरंच भयंकर आहे, आठ दिवस टँकर आलाच नाही तर, तिथं ती क्रॉस गाय पहिली कोसळते आणि देशी उभी राहते. दोन्ही खरं आहे. माझं विचाराल तर मी क्रॉसच ठेवल्यात, बैल फक्त वडिलांमुळं, आणि चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत त्यांना मिरवायला.

खतासाठी ट्रॉलीनं शेण विकत घेतो, त्यात काय बघायचं?

ओलं शेण ट्रॉलीवर घेऊ नका, घेतलंच तर कुठल्या गोठ्यातलं ते विचारा. ३ टन ताजं शेण ८५ टक्क्याचं असेल तर त्यात कोरडा माल साडेचारशे किलो, ७८ टक्क्याचं असेल तर ६६० किलो. भाडं दोन्हीला सारखंच. कुजून मुरलेलं खत घेतलं तर पाणी निम्म्यावर आलेलं असतं, ट्रॉली त्याचीच घ्यावी. आमच्याकडं ट्रॉली दारात आली की वडील आधी वाकून फाळक्याखाली बघतात, पाणी गळतंय का. गळत असलं की भाव तिथंच तुटतो.